फूल की पानं

आजीने १६ जानेवारी १९६७ला कशावर शिक्का मारला, हे आमच्या घरात कुणालाच कधी कळलं नाही. ती गेली तेव्हा नव्वदीला टेकली होती. शेवटची दोन वर्षं तिला नातवंडांची नावं आठवत नसत, माझ्या वडिलांना ती स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारी. पण कुणी मुद्दाम कानाशी जाऊन "फूल की पानं?" असं विचारलं, की डोळे बारीक करून म्हणायची, "हांव सांगचें ना." सांगणार नाही म्हणजे नाही.

गोव्याबाहेरच्या वाचकांना हे फूल आणि पानं समजावून सांगावं लागतं. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की दमण-दीवसकट केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं, हे त्या दिवशी लोकांना विचारण्यात आलं. त्यासाठी संसदेने खास कायदा केला होता. विलीनीकरण हवं असेल तर फूल, नको असेल तर दोन पानं. स्वतंत्र भारतात 'तुम्हाला कुठे राहायचंय?' हे असं थेट मतपेटीतून फारच थोड्यांना विचारलं गेलं आहे. महाराष्ट्राला मुंबई मिळवायला शंभरावर हुतात्मे द्यावे लागले, त्याला तेव्हा सात वर्षंही झाली नव्हती. आम्हाला विचारलं तरी.

आमचं घर फोंडा तालुक्यात, बांदोड्याच्या नागेशी देवळापासून चालत वीसेक मिनिटांवर. आजोबा मराठी शाळेत मास्तर. पोर्तुगीज अमदानीत या शाळा गावकऱ्यांच्या वर्गणीवर चालत, आणि मास्तरला पगारापेक्षा तांदूळ, नारळ आणि मान जास्त मिळे. राजकारणावर बोलायची त्यांना हौस दांडगी, आणि बोलायला बंदी होती तोवर ती हौस त्यांनी बहुधा इतिहास शिकवून भागवली असावी. सालाझारच्या सरकारने १९५१ साली घटना दुरुस्त करून 'वसाहत' हा शब्द काढला आणि 'सागरापारचा प्रांत' असा शब्द घातला, तो किस्सा ते शंभरदा सांगत. "रात्री निजलो तेव्हा वसाहत होतो, सकाळी उठलो तर पोर्तुगाल झालो होतो. विहीर तीच, पोलीसही तेच."

आता हसू येतं, पण लिस्बनचा दावा तोच होता. गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच एक तुकडा आहे, मग स्वातंत्र्य कुणाचं आणि कुणापासून? एका राष्ट्राचे आपण सगळे नागरिक. कागदोपत्री या दाव्याला जुना आधारही होता. लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी १८२२पासून बसत होते. त्यांतले बेर्नार्द पेरिश द सिल्व पुढे १८३५मध्ये गोव्याचा कारभार सांभाळायला आले, पहिलेच इथल्या मातीतले, आणि तीन आठवडेही टिकले नाहीत. लष्कराने बंड करून त्यांना घालवलं. म्हणजे लिस्बनला बोलायला माणूस पाठवता येई, तो इथे येऊन कारभार करू लागला की नडे. सालाझारच्या काळात तर निवडणुका होत आणि निकाल आधीच ठरलेला असे. मत कुणाला, तर शिकलेल्या आणि कर भरणाऱ्या मूठभरांना. आजोबा मराठी शिकलेले, त्यामुळे सरकारच्या लेखी अडाणीच.

१९ डिसेंबर १९६१ला ते संपलं. मात्र पोर्तुगालमधून बाहेर पडल्याबरोबर लोकांच्या हाती काही आलं असं नव्हे. आधी लष्करी गव्हर्नर, मग नायब राज्यपाल. विधानसभेसाठी मत द्यायला ९ डिसेंबर १९६३ उजाडावा लागला. तो सोमवार होता, आणि आजीचा सोमवारचा उपास. गंमत म्हणजे १९६७चा तो १६ जानेवारीही सोमवारच. आजी म्हणे, "आमचं सगळं राज्य उपाशीपोटीच केलेलं." ती दोन्ही मतं तिने नागेशीला पाणी घालून मग दिली.

त्या पहिल्या निवडणुकीत जे झालं त्याने दिल्लीचे डोळे पांढरे झाले. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे आमचा मगो, सिंह या निशाणीवर सत्तेत आला. भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक, पण त्यांच्यामागे उभे राहिले ते कुळं, मुंडकार, देवळाच्या पायऱ्यांखाली उभं राहून प्रसाद घेणारे लोक. समोर डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स. मगोचा मूळ मंत्रच महाराष्ट्रात विलीनीकरण हा.

आजोबा फुलाचे. त्यांचं कारण भाषा असेल असं मी बरीच वर्षं समजत होतो, कारण मराठी मास्तर दुसरं काय सांगणार. पण आत्याने सांगितलेली गोष्ट वेगळी. आमचं घर ज्या जमिनीवर होतं ती भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. आम्ही मुंडकार. घराची भिंत पावसात कोसळली तर ती पुन्हा उभी करायला भाटकाराच्या बलकांवाखाली जाऊन उभं राहावं लागे, आणि आजोबांसारखा शिकलेला माणूस तिथे वहाणा हातात घेऊन उभा राहिलेला आत्याने पाहिला होता. ते एकदा आजीला म्हणाले, "गोवा लहान राहिला तर हाच भाटकार उद्या मंत्री होईल. महाराष्ट्रात गेलो तर त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसेल."

वेगळं राहिल्याने माणसाचं वजन वाढतं की नाही, या प्रश्नावर इतकं नेमकं वाक्य मी नंतर कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही. लहान घरात कर्त्याचा आवाज मोठा. ज्याच्यापाशी जमीन, देऊळ आणि ओळखी आहेत त्याला लहान राज्य बरं; ज्याच्यापाशी यांतलं काही नाही त्याला दूरचं सरकार कधीकधी जवळचं वाटतं.

आमच्या कुंपणापलीकडचा रेंदेर मात्र पानांचा. माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढायची हा त्याचा पिढीजात धंदा. महाराष्ट्रात दारूबंदी होती. गोव्याला ती लागू होणार नाही, कुळांचे हक्क राखले जातील, नोकऱ्यांत गोवेकरांना आधी घेतलं जाईल अशी आश्वासनं मुंबईहून आली होती. रेंदेर आजोबांना म्हणाला, "मास्तर, जो देईन म्हणतो तो उद्या काढूनही घेईल. माझं सुराचं भांडं कुणाच्या मेहरबानीवर का टांगू?" मुंबईच्या विधानसभेत गोव्याचे आमदार असणार मूठभर, आणि दारूबंदी ठेवायची की उठवायची हे विदर्भ-मराठवाड्याच्या मतांवर ठरणार. रेंदेराला टक्केवारी येत नव्हती, हिशेब येत होता.

दोघे रोज संध्याकाळी एकाच दगडी सोप्यावर बसून भांडत. आजोबांच्या हातात 'गोमन्तक', विलीनीकरणाचा कैवारी. रेंदेराला वाचता येत नसे, पण त्याचा मेहुणा मडगावहून 'राष्ट्रमत' पाठवी, आणि तो आजोबांनाच त्यातले लेख वाचून दाखवायला लावी. 'राष्ट्रमत'ही मराठीच. महाराष्ट्रात जायचं नाही ही लढाई कोकणीच्या नावाने आणि मराठी छापखान्यातून लढली गेली, हे बाहेरच्यांना पटत नाही. आजोबा विरोधी पक्षाचा अग्रलेख शुद्ध उच्चारांत, अनुस्वारासकट वाचत आणि शेवटी म्हणत, "भाषा बरी आहे. डोकं नाही."

कौल निर्मळ व्हावा म्हणून बांदोडकरांनी डिसेंबर १९६६मध्ये राजीनामा दिला, आणि मतदानाच्या काळात गोवा थेट दिल्लीच्या ताब्यात गेला. स्वतःच्या मागणीवर कौल घेताना खुर्चीवरून उतरलेला मुख्यमंत्री, असं आता कुणाला सांगितलं तर लोक नाव विचारतात.

मतदानाची हकिगत आत्याची. ती तेव्हा बारा वर्षांची. आजीने नऊवारी नेसली, केसांत अबोलीचा वळेसार माळला. आजोबा आधीच जाऊन आले होते आणि बोटावरची शाई सगळ्यांना दाखवत होते. निघताना त्यांनी आजीला बजावलं, "फूल. विसरू नको. फूल." आजी काही बोलली नाही. पाणंदीतून रेंदेराची बायको आली, तिच्या नवऱ्यानेही तिला असंच काही बजावलेलं असणार. दोघी मिळून गेल्या. आत्या मागोमाग. वाटेत दोघींनी सुकी मासळी महागली यावर बोलून घेतलं, शाळेशी पोचल्यावर गप्प झाल्या. रांगेत बायका निम्म्याहून जास्त होत्या असं आत्या म्हणते. पोरीच्या डोळ्यांना तशा दिसल्याही असतील. परत येताना रेंदेराच्या बायकोने आजीच्या वळेसारातलं एक फूल काढून स्वतःच्या केसांत खोवलं आणि दोघी कितीतरी वेळ हसत सुटल्या. कशाला, ते आत्याला कळलं नाही. मला वाटतं, मला कळलंय. पण छातीठोक सांगता येत नाही.

निकाल असा. एकूण मतदार ३,८८,४३२. पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. पेडणं, डिचोली, सत्तरीने फूल उचललं, सासष्टीने पानांची रास घातली. रेडिओवर आकडे ऐकून आजोबा उठले, शाळेची छत्री घेतली आणि पाऊस नसताना छत्री उघडून भाटातून चालत गेले. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी रेंदेर आला, सोप्यावर बसला, आणि त्या दिवशी त्याने पेपर वाचायला सांगितला नाही.

पुढचं जास्त मजेचं आहे. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो पुन्हा निवडून आला. ज्या गोव्याने जानेवारीत महाराष्ट्राला नको म्हटलं त्याच गोव्याने मार्चमध्ये महाराष्ट्रवादी पक्षाच्या हाती राज्य दिलं. भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री. याला कुणी गोंधळ म्हणेल. मला हे त्या काळातलं सगळ्यांत शहाणपणाचं मतदान वाटतं. 'कुठे राहायचं' आणि 'कारभार कुणी करायचा' हे दोन प्रश्न लोकांना वेगळे करून विचारले, तर लोकांनी दोन वेगळी उत्तरं दिली. एकाच मतपत्रिकेत दोन्ही प्रश्न कोंबले असते तर कुळांना भाटकार टाळण्यासाठी गोवा सोडावा लागला असता. आत्या हेच कमी शब्दांत सांगते, "चूल वेगळी हवी होती, वाढणारा तोच हवा होता."

आणि वजनाचा हिशेब? तेव्हा गोव्यात २८ आमदार. म्हणजे एकामागे चौदा हजारांच्या आसपास मतदार. आज ४० आमदार आणि एकेकामागे तीस हजारांच्या आतबाहेर. महाराष्ट्रात एका आमदारामागे तीन लाखांवर मतदार आहेत. आमचा आमदार बारशाला येतो, तेराव्याला येतो, चतुर्थीला माटोळी बघून "यंदा काकड्या कमी बांधल्यात" असं म्हणून जातो. माझ्या पुण्याच्या मेहुण्याने स्वतःचा आमदार फक्त फ्लेक्सवर पाहिलाय.

पण त्या जवळिकीची दुसरी बाजू घरात बसून कबूल केलेली बरी. चाळीसच्या सभागृहात दोन-चार माणसं उठून दुसरीकडे बसली की सरकार पडतं, आणि दोन-चार माणसांना उठवणं सोपं असतं. नव्वदीच्या दशकात तर मुख्यमंत्र्यांची नावं पाठ होईपर्यंत बदलत. जुलै २०१९मध्ये काँग्रेसच्या १५पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली. म्हणून २०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना देवळात, खुरसापुढे आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या. सप्टेंबरपर्यंत ११पैकी ८ गेले. तीन देवांना जमलं नाही ते आपल्याला काय जमणार, असं आमच्या पसऱ्यावरचा दुकानदार म्हणाला आणि सुटे पैसे परत दिले.

शिवाय पानं जिंकली म्हणून गोवा आपला आपण झाला, असंही नाही. झाला तो केंद्रशासित प्रदेश, आणि पुढची वीस वर्षं मोठ्या कागदांवर शेवटची सही दिल्लीची. ३० मे १९८७ला गोवा राज्य झाला, तेव्हा कुठे राज्यसभेत एक खुर्ची आली. त्याआधी राजभाषेसाठी झालेलं आंदोलन मी शाळकरी वयात पाहिलंय. रस्त्यांवर आडवे पाडलेले माड, बंद बसगाड्या, मेलेली माणसं. आता १६ जानेवारीला 'अस्मिताय दीस' पाळतात. भाषणं होतात. फुलाच्या बाजूने १,३८,१७० माणसं होती आणि त्यांतले बरेचसे आपल्याच घरातले होते, हे त्या भाषणांत येत नाही. आजोबा असते तर छत्री घेऊन निघाले असते.

रेंदेराचा थोरला भाऊ मुंबईत धोबीतलावच्या कुडीत राहायचा, जहाजावर खलाशी. कूड म्हणजे गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली खोली, पेटी ठेवायला आणि पाठ टेकायला. त्याच्यासारख्या हजारो गोवेकरांना १९६७च्या कौलात मत नव्हतं. त्यांनाही विचारा अशी मागणी झाली, ती मान्य झाली नाही. हा भाऊ गावाला दर महिन्याला पैसे पाठवी, गावच्या फेस्ताचा खर्च उचली, आणि गाव कुठे राहणार हे ठरताना मात्र बाहेरचा ठरला.

त्याच रेंदेराचा नातू आता इंग्लंडात स्विंडनला गोदामात काम करतो. १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल आजही नागरिक म्हणून नोंदवून घेतो. सालाझारचा तो 'एक तुकडा' असा उलटा कामाला आला. पोर्तुगालचा पासपोर्ट म्हणजे युरोपियन युनियनचा, आणि युनियनचा म्हणून तेव्हा इंग्लंडात कामाची मुभा होती. स्विंडनमध्ये गोवेकरांची वस्ती झाली ती अशी. पुढे २३ जून २०१६ला ब्रिटनने युरोपमधून बाहेर पडायचं की नाही यावर सार्वमत घेतलं. 'आपलं राज्य परत आपल्या हाती' हा बाहेर पडणाऱ्यांचा मुद्दा. मला तो ओळखीचा वाटला, आमच्या सोप्यावरच बसून ऐकलेला. बाहेर पडू म्हणणारे १ कोटी ७४ लाख, राहू म्हणणारे १ कोटी ६१ लाख. स्विंडननेही बाहेर पडण्याचाच कौल दिला.

नातवाला मत नव्हतं. युरोपच्या इतर देशांचे नागरिक मतदार यादीत नव्हते. आयर्लंड, माल्टा, सायप्रसचे सोडून. राष्ट्रकुलातल्या देशांचे तिथे राहणारे नागरिक मात्र होते, म्हणजे भारतीय होते. हा पोरगा भारतीयच राहिला असता आणि कसाही करून तिथे पोचला असता, तर ब्रिटनच्या भवितव्यावर शिक्का मारू शकला असता. पोर्तुगीज झाला म्हणून गेला, आणि पोर्तुगीज झाला म्हणूनच गप्प बसला. फोनवर मला म्हणाला, "आमच्या घराण्याला हे लागूच आहे. ठरतं आमचं आणि ठरवणारे वेगळे." मी त्याला ब्रसेल्स, सार्वभौमत्व, संसद असलं काही विचारणार होतो. त्याची शिफ्ट सुरू होत होती.

माझे काका सरकारी नोकरीत कारकून होते. १९८३ साली त्यांची दमणला बदली झाली. गोवा, दमण आणि दीव हा तेव्हा एकच प्रदेश, पण दमणला जायचं तर मुंबई ओलांडून वापीला उतरायचं. घरात काकी रडली. दमण-दीवची बदली ही शिक्षाच समजत. काकांना मात्र ते गाव आवडलं. नानी दमण, मोटी दमण, मध्ये दमणगंगा, आणि बाजारात सगळीकडे गुजराती. १९६७च्या कौलात दमण-दीवलाही विचारलं होतं, गुजरातेत जायचं का. त्यांनीही नको म्हटलं, गोव्याबरोबर राहू म्हटलं. पणजीच्या विधानसभेत ३० खुर्च्या होत्या, त्यांतली एक दमणची, एक दीवची. दमणचा आमदार अधिवेशनाला निघाला की काका त्याच्याबरोबर घरी डबा पाठवत.

मग १९८७ आलं. गोवा राज्य झाला, दमण-दीव मागे राहिले. त्यांना लोकसभेची स्वतःची एक जागा मिळाली आणि विधानसभा गेली. २०२०मध्ये त्यांना दादरा-नगर हवेलीशी जोडलं. विधानसभा तरीही नाही. गोव्यासाठी राज्य आम्हीच मागितलं होतं. दमणला काय हवं, हे तेव्हा कुणी फूल-पानं छापून विचारलं नाही.

काका गेल्यावर त्यांचे पेन्शनचे काही कागद सोडवायला मी दमणला गेलो होतो. मोटी दमणच्या किल्ल्यात त्यांचे जुने सहकारी भेटले, ऐंशीच्या पुढचे, गुजराती वळणाचं मराठी बोलणारे. कागद दोन तासांत झाले. चहा पिताना मी सहज विचारलं, इथला आमदार कोण? काही अडलं तर कुणाकडे जायचं?

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"होता ना एक," ते म्हणाले. "पणजीला गेला होता. तुमच्याकडेच राहिला."

मग त्यांनी काकांच्या डब्याची आठवण काढली. त्यात काकी तिरफळं घातलेलं बांगड्याचं उडीद-मेथी द्यायची म्हणे, परत पाठवताना. दमणला तिरफळं मिळत नाहीत.